मुक्काम जर्सी, पोस्ट न्यूयॉर्क

सांगलीचा माणूस नोकरीसाठी पुण्याला जावो नाहीतर बंगळुरूला, आयकर खात्याला त्याचं सोयरसुतक नसतं. पॅन तोच, दर तोच, पोर्टल तेच, आणि शेवटच्या तारखेला ते रुसून बसतं तेही सगळीकडे सारखंच. पगारावर राज्य सरकारचा हात पडतो तो फक्त व्यवसाय करापुरता, आणि त्या हातालाही घटनेनं बेडी घातली आहे: वर्षाला २५०० रुपयांच्या वर जायचं नाही. महाराष्ट्रात दरमहा २०० रुपये जातात आणि फेब्रुवारीत ३००. वर्षातल्या सगळ्यात तोकड्या महिन्याला सगळ्यात मोठी कात्री लावणाऱ्या त्या अज्ञात कारकुनाला एकदा भेटावं असं मला फार वाटतं. पण या २५०० रुपयांपायी कुणी राज्य सोडल्याचं ऐकिवात नाही. आपल्याकडे माणूस राज्य सोडतो तो साहेबापायी.

अशा सुरक्षित हवेत वाढलेला मराठी माणूस अमेरिकेत उतरतो. वॉशिंग्टनच्या सरकारला आयकर द्यावा लागतो हे त्याला ठाऊक असतं, मनाची तेवढी तयारी करूनच तो विमानात बसलेला असतो. पहिली पगाराची स्लिप हातात पडते तेव्हा कळतं की राज्याचाही वेगळा आयकर आहे. ५० पैकी ४१ राज्यं पगारावर कर घेतात, नऊ घेत नाहीत. दर वेगळे, सवलती वेगळ्या, फॉर्म वेगळे. इथवरही ठीक. राहतो तिथे भरू, असं म्हणून तो चहा घेतो. खरी मौज सुरू होते ती माणूस एका राज्यात राहून दुसऱ्या राज्यात कामाला जातो तेव्हा. एरवी तुम्ही जगलात की मेलात याची चौकशी न करणारी दोन राज्यं तुमच्याविषयी एकदम जिव्हाळ्यानं बोलू लागतात. एक म्हणतं, हा आमच्याकडे झोपतो. दुसरं म्हणतं, हा आमच्याकडे राबतो. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी ही आपली म्हण इथे उलटी चालते. इथे पाहुणाच दोन्ही घरांना जेवू घालतो.

ही प्रथा शंभर वर्षांहून जुनी आहे. विस्कॉन्सिननं १९११ साली आपला आयकर सुरू केला, म्हणजे केंद्रानं १९१३ साली सोळावी घटनादुरुस्ती करून स्वतःचा हक्क पक्का केला त्याच्याही आधी. न्यूयॉर्कला १९१९ साली जाग आली आणि पहिल्याच नजरेत भरली ती रोज सकाळी नदीपलीकडून येणारी आणि संध्याकाळी परत जाणारी माणसं. कर बसवायला याहून आदर्श जनता शोधून सापडायची नाही. पगार इथे घेते आणि मत तिकडे देते. कनेटिकटमधल्या येल अँड टाउन या कुलपांच्या कंपनीनं याविरुद्ध कोर्टात धाव घेतली. १९२० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, बाहेरच्या माणसानं तुमच्या हद्दीत कमावलेल्या पैशावर तुम्ही खुशाल कर लावा. फक्त आपल्या माणसाला जी सूट देता ती त्यालाही द्या. न्यूयॉर्कनं ती सूट घरच्यांपुरती राखून ठेवली होती, ती सर्वांना द्यावी लागली. बाकी दार कायमचं उघडं राहिलं, आणि तेही कुलूपवाल्यांच्या खटल्यात.

न्यू जर्सीला आपल्या रहिवाशांवर सरसकट आयकर बसवायला १९७६ साल उजाडलं. कारण शाळा. त्यांच्या खर्चासाठी पैसे उभे करा, नाहीतर शाळा बंद ठेवा, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं बजावलं आणि जुलैत खरोखरच शाळा बंद पाडल्या. उन्हाळ्याची सुट्टी असल्यामुळे बहुतेक पोरांना याचा पत्ताही लागला नाही, पण आमदारांना लागला, आणि कर मंजूर झाला. गव्हर्नर ब्रेंडन बर्न यांना लोक ‘वन टर्म बर्न’ म्हणू लागले. पुढच्याच वर्षी बर्न पुन्हा निवडून आले. करावरून शिव्या देणारा आणि मत देणारा मतदार एकच असतो, हे बारामतीपासून न्यू जर्सीची राजधानी ट्रेंटनपर्यंत सारखंच असावं.

आमचं घर प्लेन्सबोरोत. हे गाव न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया यांच्या साधारण मधोमध आहे, म्हणजे दोन्हीकडचा कर लागावा इतकं जवळ आणि दोन्हीकडे रोज उशीर व्हावा इतकं लांब. मराठी माणसं इथे बक्कळ. घर घेताना शाळा बघतात, पटेलांचं दुकान किती मिनिटांवर आहे ते बघतात, प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनला पार्किंगचा परवाना मिळायला किती दिवस थांबावं लागतं ते विचारतात. नवरा कुठल्या नदीपलीकडे जाणार आणि बायको कुठल्या, हे कुणी विचारत नाही. मी सकाळची गाडी पकडून हडसनखालच्या बोगद्यातून मॅनहॅटनला जातो, बायको डेलावेअर ओलांडून फिलाडेल्फियाला. दोन नद्या, दोन दिशा आणि एकच जॉइंट रिटर्न.

माझा हिशेब त्यातल्या त्यात सरळ. पगार न्यूयॉर्कचा, म्हणून पहिला कर न्यूयॉर्कचा. मग न्यू जर्सी म्हणतं, तू आमचा रहिवासी, तुझी जगभरातली कमाई आम्हाला दाखव. दाखवली की तेच म्हणतं, न्यूयॉर्कला याच पैशावर कर दिलास ना, मग तेवढी वजावट घे. न्यूयॉर्कचा दर सहसा जास्त असल्यामुळे माझ्या पगारातून जर्सीला जवळजवळ काहीच मिळत नाही. बर्फ जर्सी उपसते, मुलांच्या शाळा जर्सी चालवते, आणि मलई नदीपलीकडे जाते. याचा वचपा जर्सी घरपट्टीत काढते. त्या बाबतीत देशात तिचा हात धरणारं कुणी नाही.

बायकोचं प्रकरण वेगळं. न्यू जर्सी आणि पेन्सिल्व्हेनिया या राज्यांत १९७७ साली करार झाला की तुमची माणसं आमच्याकडे कामाला आली तर आम्ही त्यांच्या पगाराला हात लावणार नाही, आमची आली तर तुम्ही लावू नका. असा समंजसपणा दोन शेजाऱ्यांत क्वचित दिसतो. गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी २०१६ साली हा करार मोडणार म्हणून जाहीर केलं आणि थोड्याच महिन्यांत ते मागे घेतलं. मधल्या काळात डेलावेअरच्या दोन्ही तीरांवर लोकांनी कॅल्क्युलेटर हातातून खाली ठेवले नाहीत. तर राज्याराज्यांत गोडी आहे. पण फिलाडेल्फिया शहराचा १९३९ सालापासून स्वतःचा पगारकर आहे, बाहेरून येणाऱ्याला आज साडेतीन टक्क्यांच्या जरा खाली. करार राज्यांचा, शहरानं त्यावर सही केलेली नाही. म्हणून बायको पेन्सिल्व्हेनियाला काही देत नाही, त्यातल्या एका शहराला देते, आणि त्या शहराची पावती न्यू जर्सीला दाखवून वजावट मागते. आमच्या घरात कागदपत्रं तिच्याकडे असतात, त्याचं कारण लग्नाआधी वाटतं तसं प्रेम नसून हे आहे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सासरे आले. सांगलीच्या सहकारी बँकेत आयुष्य काढलेला माणूस. दुसऱ्याची हिशेबाची वही उघडी दिसली की त्यांची झोप उडते. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप लावून बसलो होतो. न्यूयॉर्कचा बाहेरच्यांसाठीचा फॉर्म आयटी-२०३, त्यात दोन रकाने असतात. डावीकडे केंद्राला दाखवलेली सगळी कमाई, उजवीकडे फक्त न्यूयॉर्कमधली. चष्मा पुसून ते शेजारी येऊन बसले.

“डावीकडे ही चिल्लर कसली हो?”

“अण्णा, ते आपल्या सांगलीच्या एफडीचं व्याज.”

“सांगली न्यूयॉर्कात कधीपासून यायला लागली?”

“नाहीच येत. म्हणून उजवीकडे शून्य आहे.”

“मग डावीकडे कशाला लिहिलंत?”

“दर ठरवायला.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बँकेत असताना कर्जाच्या अर्जावर खोटी सही सापडली की ते असंच करत, असं बायको सांगते. मग मी त्यांना समजावलं. न्यूयॉर्क आधी धरून चालतं की तुमची सगळी कमाई आमचीच आहे. माझा पगार, बायकोचा फिलाडेल्फियाचा पगार, प्लेन्सबोरोच्या बँकेतलं व्याज, सांगलीची ठेव, सगळं एकत्र करून त्यावर कर काढतं. मग एकूण कमाईत न्यूयॉर्कचा वाटा किती टक्के ते बघून त्या करातला तेवढा हिस्सा घेतं. म्हणजे सांगलीच्या व्याजाला ते हात लावत नाही, पण त्या व्याजामुळे माझा दर मात्र चढतो.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “ठेव सांगलीत, ठेवीदार जर्सीत आणि भाव न्यूयॉर्कचा. हे आमच्या चेअरमनलाही सुचलं नसतं.”

पण त्यांचा पुढचा प्रश्न जास्त जिव्हारी लागणारा होता. भारतात या व्याजावर टीडीएस कापला गेलाय, त्याचं काय? केंद्राच्या रिटर्नमध्ये त्याची वजावट मिळते, मी म्हटलं. आणि जर्सीत? जर्सीत नाही. दुसऱ्या राज्याला दिलेला कर जर्सी मान्य करते, दुसऱ्या देशाला दिलेला करत नाही. भारत आणि अमेरिका यांच्यात एकाच कमाईवर दोनदा कर पडू नये म्हणून १९८९ साली करार झाला, पण तो अमेरिकेच्या केंद्रीय करापुरता आहे. दिल्ली वॉशिंग्टनशी बोलली, ट्रेंटनला कुणी विचारलंच नाही. पेन्सिल्व्हेनियाच्या कराराला शहर बांधील नाही आणि देशाच्या कराराला राज्य बांधील नाही. मोठ्या भावानं दिलेला शब्द धाकट्यानं पाळायचा नाही, हा इथल्या संघराज्याचा मूळ नियम आहे असं मला वाटू लागलंय. अण्णांनी त्या रात्री एफडी मोडून टाकण्याचा सल्ला दिला. सहकारी बँकेतल्या माणसानं हा सल्ला देणं म्हणजे काय, हे सांगलीकरांना सांगायला नको.

मला कोणी विचारलं की या सगळ्यात जास्त कल्पनाशक्ती कुठल्या नियमात आहे, तर मी न्यूयॉर्कच्या ‘सोयीच्या नियमा’कडे बोट दाखवीन. नियम असा: तुमचं ऑफिस न्यूयॉर्कमध्ये असेल आणि तुम्ही घरून काम करत असाल, तर ते तुमच्या सोयीसाठी करता की कंपनीच्या गरजेसाठी? तुमच्या सोयीसाठी असेल, तर तो दिवस न्यूयॉर्कमध्ये काम केल्याचा धरला जाईल. म्हणजे शुक्रवारी मी प्लेन्सबोरोत पायजमा घालून, कुकरच्या शिट्ट्या मोजत मीटिंगला बसतो, तेव्हा कायद्याच्या दृष्टीनं मी मॅनहॅटनमध्ये असतो. बाहेर अंगणात हरणं चरत असतात, तरीही. कंपनीची गरज सिद्ध करायची तर अटी अशा आहेत की तुम्हाला घरात असं काहीतरी लागेल जे ऑफिसात ठेवताच येत नाही. माझ्या कामाला लॅपटॉप लागतो आणि चहा. दोन्ही ऑफिसात आहेत. चहा वाईट असतो, पण हा बचाव अजून कुणी कोर्टात मांडलेला दिसत नाही.

एडवर्ड झेलिन्स्की नावाचे कायद्याचे प्राध्यापक आहेत. राहतात कनेटिकटमध्ये, शिकवतात मॅनहॅटनमधल्या कार्डोझो लॉ स्कूलमध्ये. आठवड्यातले काही दिवस वर्गावर, बाकीचे दिवस घरी बसून लिखाण. लिखाणाच्या दिवसांचा कर न्यूयॉर्कनं का घ्यावा, म्हणून ते लढले आणि २००३ साली राज्याच्या सर्वोच्च कोर्टात हरले. गृहस्थ करकायद्याचेच प्राध्यापक! पुढे करोनाच्या वर्षात कॉलेजची इमारतच बंद झाली. मग तर मी नक्कीच घरी होतो ना, म्हणून त्यांनी पुन्हा दाद मागितली, आणि पुन्हा निकाल विरोधात गेला. विद्यार्थ्यांना शिकवायला मात्र दोन चांगले खटले मिळाले. असा गुरू लाभायला भाग्य लागतं.

करोनात मॅसॅच्युसेट्सनंही हेच केलं. न्यू हॅम्पशायरमध्ये पगारावर कर नाही, तिथली माणसं आता बॉस्टनला न जाता घरूनच काम करत होती, तरी मॅसॅच्युसेट्सनं त्यांचा कर चालू ठेवला. न्यू हॅम्पशायर थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यू जर्सी आणि कनेटिकट टाळ्या वाजवायला पाठीशी उभी राहिली, कारण खरं दुखणं त्यांचं होतं. जून २०२१ मध्ये न्यायालयानं हे प्रकरण ऐकायचंच नाकारलं. मग २०२३ साली न्यू जर्सीनं स्वतःचा कायदा केला. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, आमचा रहिवासी न्यूयॉर्कशी भांडून जिंकला आणि त्यामुळे आमचा कर वाढला, तर त्यातला अर्धा आम्ही त्याला सोडू. म्हणजे वकील तुझा, वेळ तुझा, आणि जिंकलास तर निम्मं आमचं. दुसरी, ज्या राज्यांत हा सोयीचा नियम आहे तिथल्या माणसांना आम्हीही तोच नियम लावू. वर्षानुवर्षं ज्या नियमाला शिव्या दिल्या तो घरात आणून वापरायला काढला.

हे झालं कमाईचं. राहण्याचा वाद सुरू झाला की सरकार तुमच्या मनात शिरतं. श्रीमंत माणूस न्यूयॉर्क सोडून फ्लोरिडात गेल्याचं सांगतो तेव्हा न्यूयॉर्क विचारतं, शरीर गेलं हे कबूल, मन गेलं का? तुमचं खरं घर कुठलं हे ठरवताना तपासनीस बघतात ते घराचा आकार, कामधंद्याची गुंतवणूक, वेळ कुठे जातो, कुटुंब कुठे, आणि जिवापाड जपलेल्या वस्तू कुठे. आजीचे दागिने, लग्नाचे फोटो, मुलाचं टेडी बेअर. ते ज्या राज्यात त्या राज्यात तुम्ही. यँकीजचा बेसबॉलपटू डेरेक जीटर म्हणत होता मी टँपा, फ्लोरिडाचा. न्यूयॉर्क म्हणालं, २००१ ते २००३ तू आमचाच होतास, मॅनहॅटनमध्ये फ्लॅट घेतलास की. शेवटी २००८ साली तडजोड झाली. लाखो न्यूयॉर्ककर ज्याला आपला मानतात त्यानं कोर्टात मी तुमचा नाही म्हणावं, याचं दुःख स्टेडियमपेक्षा कर खात्याला जास्त झालं.

याहून हृद्य प्रकरण एका बड्या अधिकाऱ्याचं. डेटिंगच्या वेबसाइटचा हा प्रमुख, न्यूयॉर्क सोडून डॅलसला गेला. न्यूयॉर्कातलं घर त्यानं ठेवलं होतं, म्हणून कर खातं मानेना. न्यायाधीशांनी कागद चाळले तेव्हा त्यात दिसलं की त्यानं आपला म्हातारा कुत्राही डॅलसला नेला होता. कुत्रा नेला म्हणजे माणूस गेला, असा कौल २०१७ साली लागला. टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स, मतदारयादी, फर्निचर यांनी जे जमलं नसतं ते एका कुत्र्यानं साधलं. तेव्हापासून न्यूयॉर्क सोडणाऱ्यांना वकील पहिला प्रश्न काय विचारत असतील, याची कल्पना करावी.

पण आपल्या माणसाला खरा पाझर फुटेल तो जॉन गेइड यांच्या खटल्यानं. हे राहायचे न्यू जर्सीत, धंदा स्टेटन आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्कात. धंद्याजवळ एक इमारत घेतली आणि एका मजल्यावर आईवडलांना ठेवलं. बिलं हेच भरायचे. कधी वडलांची तब्येत बिघडली की रात्री तिथेच सोफ्यावर झोपायचे, कारण यांच्यासाठी वेगळी खोलीच नव्हती. न्यूयॉर्क म्हणालं, वर्षात १८३ पेक्षा जास्त दिवस तू आमच्या राज्यात येतोस आणि तुझं इथे कायमचं घर आहे, म्हणजे तू आमचा रहिवासी, आण सगळ्या कमाईवर कर. हा वाद वर्षानुवर्षं चालला. २०१४ साली राज्याच्या सर्वोच्च कोर्टानं अखेर सांगितलं की घर असून चालत नाही, त्यात स्वतः राहण्याचा संबंध हवा. आईवडलांच्या सोफ्यावर आडवा होणारा मुलगा रहिवासी ठरत नाही. अण्णांना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांचा प्रश्न एवढाच होता: “आईबाप आजारी असताना मुलगा येऊन झोपतो याचा पुरावा सरकारनं त्याच्याविरुद्ध वापरला?”

हे १८३ दिवसांचं गणित मोठं नाजूक आहे. दिवसातला थोडासा भागही पूर्ण दिवस धरतात. संध्याकाळी मॅनहॅटनला मराठी नाटक बघून बाराच्या आत परत निघालात, तरी एक दिवस पडला, आणि बाराला पाच मिनिटं उलटून बोगद्यात शिरलात तर दोन. तपासनीस मोबाइलचे रेकॉर्ड मागवतात, टोलनाक्यावरच्या ई-झेडपासच्या नोंदी मागवतात. माझे तर नोकरीतच १८३ होऊन जातात. मी वाचतो तो केवळ मॅनहॅटनमध्ये पाठ टेकायला जागा नाही म्हणून. मुंबईत खोली असणं ही आपल्याकडे घराण्याची इभ्रत. इथे मॅनहॅटनमध्ये खोली घेतली, तर राज्याचा पूर्ण कर, वर न्यूयॉर्क शहराचा वेगळा आयकर, आणि सांगलीची एफडी डाव्या रकान्यातून थेट उजव्या रकान्यात.

सीमाप्रश्नावर वाढलेल्या आम्हा लोकांना अमेरिकेतले सीमाप्रश्न जरा बालिश वाटतात. भाषा नाही, अस्मिता नाही, सगळा आयकराचा मामला. मेन आणि न्यू हॅम्पशायर यांच्यामधल्या नदीत एक बेट आहे, त्यावर नौदलाची मोठी गोदी. बेट मेनचं, म्हणून गोदीत काम करणाऱ्या न्यू हॅम्पशायरच्या माणसांना मेनचा कर. न्यू हॅम्पशायरनं ठरवलं की बेटच आपलं म्हणून टाकावं. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. २००१ साली न्यायालयानं त्यांना आठवण करून दिली की १९७७ साली लॉब्स्टर पकडण्याच्या भांडणात तुम्हीच कबूल केलं होतं, हद्द नदीच्या मध्यातून जाते. आता पगार दिसल्यावर बोलणं फिरवता यायचं नाही. लॉब्स्टरच्या मोहात गोदी गेली. दुसरीकडे आर्कान्सा आणि टेक्सास यांच्या सीमेवर टेक्सारकाना नावाचं जुळं गाव आहे, मधल्या रस्त्याचं नावच स्टेट लाइन. टेक्सासात पगारावर कर नाही, म्हणून पलीकडे सगळी वस्ती जाईल या भीतीनं आर्कान्सानं आपल्या बाजूच्या टेक्सारकानाकरांना आयकरच माफ केला. एका गावाला रस्त्याच्या रुंदीमुळे करमाफी मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

खेळाडूंवरचा कर तर सरळ सूडकथाच आहे. १९९१ साली शिकागो बुल्सनं लॉस एंजेलिसच्या लेकर्सना हरवलं, तेव्हा कॅलिफोर्नियानं मायकेल जॉर्डन आणि मंडळींना तिथे खेळलेल्या दिवसांच्या कमाईवर कर लावला. इलिनॉयनं लगेच कायदा केला: जे राज्य आमच्या खेळाडूंवर कर लावेल त्याच्या खेळाडूंवर आम्ही लावू. आज बहुतेक राज्यं पाहुण्या खेळाडूचा दिवस मोजतात, गायक-नटांचाही. कॅलिफोर्नियात बाहेरून आलेल्या कलाकाराच्या मानधनातून ठरावीक रकमेच्या वर सात टक्के आधीच कापून घेण्याचा नियम आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं २०२४ सालचं अधिवेशन याच कॅलिफोर्नियात, सॅन होजेला झालं. पडदा उघडण्याआधी नांदी म्हणतात, तिच्याआधी कर खात्याचं स्मरण करावं असं ते राज्य आहे.

या सगळ्याला कंटाळून आमच्या गल्लीतला एक मित्र गेल्या वर्षी टेक्सासला गेला. डॅलसजवळ फ्रिस्कोला, जिथे आता इतकी मराठी माणसं आहेत की गणपतीच्या मिरवणुकीला वाहतूक अडते. जाण्याआधी वर्षभर त्यानं आम्हाला छळलं. स्टेट टॅक्स शून्य! तुम्ही भरत बसा फॉर्म! कंपनीनं कायम घरून काम करायची परवानगी दिली, साहेबानं केक कापला. घरपट्टी जर्सीच्या पंगतीला बसेल अशी निघाली, तरी त्याचा उत्साह कमी झाला नाही. मार्चमध्ये त्याचा फोन आला. आवाज बसलेला. कंपनीचं ऑफिस मॅनहॅटनमध्येच आहे. टेक्सासला जाणं ही त्याची स्वतःची सोय, कंपनीची गरज नाही. म्हणजे फ्रिस्कोच्या त्याच्या चार बेडरूमच्या घरातलं टेबल हेही न्यूयॉर्कच. जर्सीत असताना न्यूयॉर्कला दिलेल्या कराची जर्सीतून वजावट तरी मिळायची. टेक्सासात करच नाही, मग वजावट कशातून घेणार? शून्यातून काही वजा होत नाही.

“कुत्रा घेतला तर काही उपयोग होईल का रे?” त्यानं विचारलं.

मी त्याला सांगितलं की कुत्र्यानं राहण्याचं ठिकाण सिद्ध होतं, कमाईचं नाही. त्यासाठी कुत्र्याला नोकरी लागेल, आणि तीही टेक्सासातल्या कंपनीत.